हजर व्हायची तारीख

शिवकांताबाईंनी जवारीचा डबा अर्धाच ओतला आणि गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फडफडत थांबला. भिंतीपलीकडच्या खोलीत बोलणं चाललं होतं, आणि आपल्या घरातलं बोलणं आपल्यालाच ऐकू येऊ नये, हे त्यांना कधी पटलेलं नव्हतं.

आत त्यांचा मुलगा बसवेश मान खाली घालून बसला होता. समोर त्याची विद्यार्थिनी प्रणिता आणि केजहून मोटारसायकलवर तिला नांदूरघाटला घेऊन आलेले तिचे वडील, उत्तरेश्वर. पोरीला दोन ठिकाणी जागा मिळाली होती. एक पुण्याला, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला. दुसरी दक्षिणेतल्या एका संस्थेत, निव्वळ गणिताला. आज पाच वाजेपर्यंत एक ठेवायची, एक सोडायची.

"सर, तुमी सांगाल ते," उत्तरेश्वर म्हणाले. "हिला गणितच पाह्यजे. आमी किराणावाले, आमाला त्यातलं काय कळतंय? पण पुढं पोरीचं काय होईल ते तुमीच सांगू शकता. तुमी त्याच वाटंनं गेलाव."

बसवेश गेला होता खरा. वीस वर्षांपूर्वी औरंगाबादच्या इंजिनिअरिंगची हाती आलेली जागा सोडून तो गणिताकडे वळला. एम.एस्सी. झाला, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाला, आणि अकरा वर्षं केजच्या एका कॉलेजात तासावर शिकवत राहिला. जूनमध्ये मुलाखत, मार्चमध्ये नारळ. सोयरिकी आल्या त्या 'परमनंट हायेत का' एवढं विचारून परत गेल्या. "जगाची गणितं सोडवतोस, आपलं एक सोडव की," असं शिवकांताबाई त्याला गिऱ्हाइकांदेखत ऐकवायच्या. त्यांना एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा म्हणावं, आई, तुझं खरं होतं.

"इंजिनिअरिंग घ्या," बसवेश म्हणाला.

प्रणितानं छातीशी धरलेली वही मांडीवर आली.

"सर, तुम्हीच म्हणाला होतात..."

"वर्गात माणूस काहीही बोलतो."

"मी ती सिद्धता दुसऱ्या पद्धतीनं केली तेव्हा तुम्ही खडू ठेवून बाकावर येऊन बसलात. म्हणालात, हे मलाही सुचलं नसतं."

"माझ्याकडं बघ, प्रणिता. ही खोली बघ. नीट बघ, आणि मग इंजिनिअरिंग घे."

पोरीनं बघितलं नाही. उत्तरेश्वरांनी मात्र बघितलं. लोखंडी कॉट, पुस्तकांवर बसलेलं पीठ, खिळ्याला अडकवलेले दोन शर्ट. मग त्यांनी मान हलवली, दुकानात खराब निघालेला माल बाजूला सारताना हलवावी तशी.

ती मान शिवकांताबाईंनी दारातून पाहिली. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते आज ऐकायला मिळालं होतं, आणि ते घशाखाली उतरत नव्हतं.

"कावून खोटं बोलतोस?" त्या कडाडल्या. "सांग की त्यास्नी. लई लाजतंय हे. अहो, लातूरच्या कॉलेजातून ऑर्डर आली हाय ह्याची. परमनंट! एक तारखेला हजर व्हायचंय."

बसवेशनं वर पाहिलं. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून आईचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते.

उत्तरेश्वर उठूनच उभे राहिले. "आँ? मग सर, आमच्या पोरीला भेव कावून घालायलाव?"

"परीक्षा बघत होता तिची. मास्तरच त्यो," शिवकांताबाई म्हणाल्या. "गणितवाल्याला उशीर लागतो, पण मिळतं. तुमचे इंजिनिअर हायेत की आमच्या गल्लीत, चांगले तिघं! दिवसभर पारावर बसून मोबाइलवर क्रिकेट बघतेत."

प्रणिता बसवेशकडे बघत होती.

"खरंच, सर?"

बाहेर कुणीतरी दळणासाठी हाक मारली. शिवकांताबाई हलल्या नाहीत.

"हो," बसवेश म्हणाला.

तिथंच कॉटवर बसून पोरीनं वडिलांच्या मोबाइलवर गणिताची जागा पक्की केली. अंगठा एकदाही अडला नाही. दोघांच्या पाया पडली. "लातूरला येऊन भेटेन, सर," म्हणत मोटारसायकलवर बसली.

आवाज लांब गेल्यावर बसवेश म्हणाला, "आई, हे काय केलंस तू?"

"मग तोंड उघडायचं होतंस. तुला जीभ न्हाई?"

दुसऱ्या दिवशी केजहून बातमी गावात आली. लोक टॉवेल-टोपी घेऊन आले. शेजारच्या वत्सलाबाई म्हणाल्या, "आता सोयरिकींची रांग लागंल बगा." शिवकांताबाईंनी ताठ मानेनं सगळ्यांना पेढे दिले. 'कोणतं कॉलेज?' असं विचारणाऱ्याच्या हातावर दुसरा पेढा ठेवला.

महिनाअखेरीला, भर दुपारी, त्या वळकटी बांधायला बसल्या. बसवेश उंबऱ्यावरून बघत होता.

"आई, मी जाऊ कुठं?"

दोरीचं टोक दातांत धरून त्यांनी गाठ आवळली.

"लातूरला. सकाळी सहाची गाडी हाय. वत्सलाबाईचा पोरगा येणार हाय बसवून द्यायला."

"तिथं कोण आहे माझं?"

"लई मोठं गाव हाय म्हणतेत." त्यांनी वळकटी उभी केली, हातानं दाबून पाहिली. पुन्हा आडवी करून तीच गाठ सोडली, पुन्हा बांधली. "दिवाळीला ये. मधी सारखा येऊ नको. नोकरीवाली माणसं सारखी येत न्हाईत."