पुढची एरर

निमोण्याच्या पोपटरावांचा रविराज रोज सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून माडीवरच्या खोलीत जायचा, आतून कडी लावायचा आणि संध्याकाळी सहाला खाली उतरायचा. मधल्या वेळात त्याला कुणी हाक मारायची नाही, असा घरात दंडकच होता. कुणी भेटायला आलं की पोपटराव ओसरीवरूनच हात वर करायचे. "थांबा वाईच. रविराज कामात हाय. कंपनीनं घरून काम दिलंय त्याला." कंपनीनं नेमकं काय दिलंय ते फक्त रविराजला आणि मुलाच्या शाळेसाठी पुण्यात राहिलेल्या त्याच्या बायकोला, पूनमला ठाऊक होतं. खराडीच्या त्या कंपनीनं दिवाळीच्या तोंडावर, अकरा वर्षांच्या नोकरीनंतर, एका व्हिडिओ कॉलवर त्याला नारळ दिला होता.

मग वर बसून तो करायचा काय? लॅपटॉप उघडायचा, चार ठिकाणी अर्ज टाकायचा, चाळिशीला टेकलेल्या माणसाला कुणी उत्तर देत नाही हे पुन्हा एकदा बघायचा आणि खिडकीतून उसाच्या गाड्या न्याहाळत बसायचा. पूनमचा फोन यायचा. ती मुलाच्या, रुद्रच्या शाळेचं सांगायची आणि शेवटी विचारायची, "लागलं का कुठं?" त्या एका प्रश्नापायी त्याला बायकोचा फोनही नकोसा झाला होता. दिवसभर कुणाशी बोलायचंच नाही म्हटल्यावर माणसाची जीभ जड होते. एकदा दुकानात सुतळी मागताना त्याचा आवाजच फुटेना. दुकानदाराला वाटलं, घसा बसलाय.

अशात जानेवारीतल्या एका सोमवारी त्याचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. त्यानं कर्ज देणाऱ्यांचा असेल म्हणून कंटाळत उचलला.

"सर, मी वैष्णवी बोलतेय. साधना मॅडमनी तुमचा नंबर दिला. मी कंपनीत नवीन आहे. मला बिलिंगचा प्रोजेक्ट सेटअप करायचाय आणि तो चालतच नाहीये."

साधना त्याची जुनी सहकारी. आणि बिलिंगचा प्रोजेक्ट म्हणजे दुकानदारांची बिलं बनवणारं ते जुनंपुराणं सॉफ्टवेअर, ज्यात त्यानं उमेदीची वर्षं घातली होती.

या धंद्यातली गंमत अशी की काम करण्याआधी कामाला लागणारी सगळी मांडामांड आपल्या लॅपटॉपवर करावी लागते. नवीन माणूस आला की त्याचे पहिले दिवस त्यातच जातात. नव्या प्रोजेक्टला ते सोपं असतं. पण बिलिंगचा प्रोजेक्ट म्हणजे जुनं घर होतं. कुठलं बटण दाबलं की कुठला दिवा लागतो ते घरच्यालाच माहीत. ते कुठं लिहून ठेवायला कंपनीनं कधी वेळ दिला नाही, आणि घरच्याला तर बाहेर काढलं. आता बसा अंधारात चाचपडत!

"काय एरर येतेय?" रविराजनं विचारलं. हे शब्द उच्चारताना त्याची पाठ आपोआप ताठ झाली.

तिनं स्क्रीनवरचा लाल मजकूर अडखळत वाचून दाखवला. दुसऱ्या ओळीलाच घोडं कुठं अडलंय ते त्याला कळलं. "तुम्ही नोडचा प्रोग्रॅम नवीन टाकलाय. प्रोजेक्ट जुना आहे, त्याला जुनंच व्हर्जन लागतं. नवं काढा आणि मी सांगतो ते टाका."

तिनं ते केलं. लाल मजकूर गेला. "झालं, सर! आई शप्पत, दोन दिस झालं मी निस्ती बसलेय इथं," ती भान विसरून म्हणाली आणि लगेच गप्प झाली.

रविराजला हसू आलं. "कुठल्या तुम्ही?"

"केडगाव. स्टेशनपाशीच घर हाय आमचं."

"मी निमोण्याचा."

"निमोणं? म्हंजी आपलं शिरूरचं? अगंबाई, सर, मग तर तुम्ही भीमेच्या पल्याडलेच की!" तिच्या मागून एक गाडी धडधडत गेली आणि ती जाईपर्यंत दोघंही थांबले. त्या कॉलच्या शेवटी सरांचे दादा झाले आणि तुम्हीची तू झाली.

रात्री रविराज जेवायला बसला तेव्हा पोपटराव त्याच्या आईला सांगत होते, "आज लई जोरात काम चाललंवतं. समदं इंग्रजीत." रविराजनं मान खाली घालून भाकरी खाल्ली, पण त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली.

खरं तर त्याला त्याच वेळी माहीत होतं की पोरगी पुढं लगेच अडणार. सेटिंगची एक फाईल असते. तिच्यात पासवर्ड असतात म्हणून ती बाकीच्या कोडबरोबर येत नाही, ज्यानं त्यानं आपली आपण बनवायची असते. ती नसली की प्रोजेक्ट भलतंच काहीतरी बरळतो. हे तो सांगणारच होता. पण तेवढ्यात त्याच्या मनात आलं, अडली की करेल फोन. आणि तो बोलला नाही.

मंगळवारी तिचा फोन आला. त्यानं फाईलमध्ये कोणकोणत्या ओळी लागतात ते सांगितलं, पासवर्ड साधनाकडून घ्यायला लावले, वर्षाच्या ओळीत चालू आर्थिक वर्ष घालायला सांगितलं. तिची फाईल तयार होईपर्यंत दोघं बोलत राहिले. वैष्णवी कंपनीत कधी गेलीच नव्हती. लॅपटॉप कुरिअरनं घरी आला होता. मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद. टीममधली माणसं गोरी की काळी हेही तिला ठाऊक नव्हतं. ग्रुपवर प्रश्न टाकला की लोक वाचायचे आणि गप्प बसायचे. "मला वाटायचं, कंपनी म्हंजी डबा खायला चारचौघी असत्याल, कुणीतरी खुर्ची वढून शेजारी बसंल. इथं पत्र्याच्या खोलीत मी आन् ही एरर."

मग रविराजनं तिला खराडीच्या जेवणाच्या टेबलाच्या गोष्टी सांगितल्या. कुणाच्या डब्यावर कोण टपलेलं असायचं, साधना लोणच्याची बरणी कपाटात कशी कुलपात ठेवायची. ती खळखळून हसली. किती दिवसांनी त्याच्या बोलण्याला कुणी हसलं होतं! त्याच्याही डोळ्यांसमोर ते टेबल असं उभं राहिलं की आपण आता तिथं कुणी नाही, हे तो साफ विसरला.

ठेवता ठेवता तिनं विचारलं, "दादा, पुढं काय अडंल ते आधी कळत न्हाई का वो?"

"एरर आल्याबिगर कसं कळणार?" रविराज म्हणाला.

हे धडधडीत खोटं होतं. पुढं डेटाबेस अडणार, कारण कंपनीच्या नव्या लॅपटॉपमध्ये त्याची जागा दुसराच एक प्रोग्रॅम धरून बसलेला असतो. त्याच्या पुढं फोल्डर अडणार. त्याच्या पुढं कंपनीच्या आतल्या सर्व्हरचा पत्ता हातानं लिहावा लागणार. त्याला सगळं तोंडपाठ होतं. सगळं एका दमात सांगायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला असता. पण मग बुधवारी कुणी फोन केला असता?

बुधवारी तिनं डेटाबेसचं विचारायला फोन केला आणि रविराजनं तेवढंच सांगितलं. आता तो सकाळी दाढी करून वर जायला लागला होता. फोन आधी उलटा ठेवायचा, मग सुलटा करायचा. रेंज आहे का ते पाहायला उगाच खिडकीशी जायचा. लग्न ठरलेल्या पोराची काय तऱ्हा असते, तशी त्याची तऱ्हा झाली होती; फक्त याला एररची ओढ. मन आत कुठंतरी खात होतं, नाही असं नाही. पण तो मनाला सांगायचा, पोरगी शिकतेय, एकेक अडचण सोडवूनच माणूस तयार होतो. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की कारणांना तोटा नसतो.

गुरुवारी दुपार झाली तरी फोन वाजला नाही. तिला काल सुचवलेलं जमलं असेल आणि ती फोल्डरवर अडली असेल, एवढं त्याला कळत होतं. मग करत का नाही? चार वाजता फोन आला तेव्हा त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"दादा," ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "आता राहू द्या. तुमाला तरी किती तरास द्यायचा."

"काय झालं?"

"उद्या पाचला मीटिंग हाय. प्रोजेक्ट चालू करून दावायचा, न्हाईतर म्हणले, ही जागा दुसऱ्याला देऊ. आठवडा झाला, तुझं सेटअपच हुईना, म्हणले." ती नाक ओढत बोलत होती. "मला वाटलं मलाच येत न्हाई. कॉलेजात पहिली यायची मी. आता घरात समदे माझ्या तोंडाकडं बघत्यात. वडील म्हणले, जमत न्हाई तर सोड, आपुन कुठं कुणाला सांगितलंय अजून."

आपण कुठं कुणाला सांगितलंय! गेले तीन महिने रविराज स्वतः याच वाक्यावर जगत होता. आणि त्याच खड्ड्याकडं तो या पोरीला रोज एकेक पाऊल नेत होता, का, तर आपल्याला बोलायला कुणी हवं म्हणून. त्याला स्वतःची शिसारी आली.

"लॅपटॉप उघडा हाय का?" तो म्हणाला. "हाय ना? मग डोळे पूस आन् मी सांगतो ते कर. फोल्डरचं नाव काय ठेवलंयस? त्यातल्या मोकळ्या जागा काढ, सलग लिही, त्या जुन्या प्रोजेक्टला चालत न्हाईत. केलंस? आता सर्व्हरचा पत्ता लिहायचाय. कुठल्या फाईलमधी ते सांगतो. ती फाईल साधी उघडली तर सेव्ह व्हायची न्हाई, आडमिन म्हणून उघड. आता समदं बंद करून परत चालू कर."

तो थांबला. तिकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"आली!" वैष्णवी ओरडली. "दादा, लॉगिनची स्क्रीन आली! आये, आली बघ!" तिची आई काय झालं काय झालं म्हणत आल्याचं त्याला ऐकू आलं. मग तिकडे बराच वेळ नुसता आनंद चालला होता आणि तो कानाला फोन लावून माडीवर उभा होता.

ती पुन्हा फोनवर आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "दादा, एक इचारू? तुमाला हे समदं आधीपासनं ठावं होतं?"

"आत्ता आठवलं," रविराज म्हणाला.

"बरं झालं आठवलं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला की मीटिंग चांगली झाली, जागा राहिली. रविराजला मनापासून बरं वाटलं. मग शनिवार गेला, रविवार गेला, नवा आठवडा आला. फोन मुका झाला तो झालाच. जेवताना पोपटरावांनी विचारलं, "आता ते फोनवरचं काम न्हाई व्हय?" रविराज म्हणाला, "सध्या कमी हाय, आबा."

फेब्रुवारीत एक दिवस न राहवून त्यानंच तिला फोन लावला. कशाला केला म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ते त्यानं आधी घोकून ठेवलं होतं. "सहजच केला. कुणी नवीन आलं आन् सेटअपला अडलं, तर नंबर दे माझा. मला काय, मोकळाच असतो दुपारचा."

"आला की एक, परवाच," वैष्णवी म्हणाली. तिचा आवाज आता भरदार झाला होता, मागं तिच्या टीममधले दोघंतिघं बोलत होते. "पर तेचं अर्ध्या तासात झालं, दादा. तुम्ही सांगितलेलं समदं मी ओळीनं लिहून ठेवलंय. पुढं काय अडणार तेबी आधीच लिहिलंय. माझ्यावाणी कुणी एकटं बसाया नगं."

"झ्याक केलंस," रविराज म्हणाला. "मला धाड की ते. वाचतो."

तिनं लगेच पाठवलं. नीटनेटकं, सोप्या इंग्रजीत, एकही शब्द वावगा नाही. तो वाचू लागला तो चुकीच्या शोधात, हे त्यालाही कळत होतं. काहीतरी सुटलं असेल, तर त्यापायी कुणीतरी फोन करील. आणि सापडलं. सेटिंगच्या फाईलमधलं आर्थिक वर्ष तिनं होतं तसं लिहून टाकलं होतं. ते दर एक एप्रिलला हातानं बदलावं लागतं, नाहीतर सगळ्या टीमचा प्रोजेक्ट एका सकाळी बंद पडतो, आणि एरर अशी येते की वर्षाशी तिचा संबंध आहे हे कुणाच्या बापाला कळू नये. कधीकाळी घाईत हे त्यानंच असं करून ठेवलं होतं आणि दर वर्षी तोच काहीतरी निमित्त काढून प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ते गुपचूप बदलायचा. ते दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

फक्त गप्प बसायचं होतं. एप्रिल काही लांब नव्हता. सगळी टीम त्याचा नंबर शोधत आली असती. वैष्णवी, साधना, तो नवा पोरगा, कदाचित ज्यानं नारळ दिला तो साहेबसुद्धा. रविराज बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. उसाची शेवटची गाडी वळणावर अडकली होती आणि ड्रायव्हर एकटाच खाली उतरून चाकाखाली दगड लावत होता.

मग त्यानं खुर्ची ओढली आणि मेसेज लिहिला. वर्षाची ओळ कुठं असते, कधी बदलायची, न बदलल्यास कोणती एरर येते आणि तिला का फसू नये. एकही गोष्ट हातची राखली नाही. शेवटी लिहिलं, "आता काही राहिलं नाही." वाचून पाहिलं आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळानं वैष्णवीचं उत्तर आलं. एक पिवळा अंगठा होता. त्याच्याखाली ती आणखी काही लिहील म्हणून रविराजनं वाट पाहिली. नोकरी गेली त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आज त्या अंगठ्याकडे बघता बघता तो ढसाढसा रडला, आणि खाली आवाज जाऊ नये म्हणून तोंडावर शर्टाची बाही दाबून धरली.