भिंतीकडे तोंड करून

“आल्झो, तर आता इकडे बघा,” म्हणत वर्ग घेणाऱ्या फोग्टने चित्र थांबवलं.

पडद्यावर एक तळघर होतं. कपडे धुवायची दोन मशिनं, वरून लोंबणारा एकच दिवा आणि अगदी टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी असलेली एक बाई. पाठीवर मोकळे सोडलेले काळेभोर केस. चेहरा नाहीच.

तिसऱ्या रांगेत मीनल सबनीसच्या हातातलं पेन वहीवर तसंच टेकून राहिलं. ती बाई ती स्वतःच होती.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फोल्क्सहोखशुलेत, म्हणजे शहराने मोठ्या माणसांसाठी चालवलेल्या वर्गांत, शनिवारी सकाळी दहा ते एक असा हा सिनेमाचा अभ्यासक्रम होता. तिचा नवरा नागेश जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा वेदांग कोलोनला जाहिराती बनवायचा. आई आठवडाभर श्रवणयंत्रं दुरुस्त करते आणि शनिवार-रविवार कुणाशी एक शब्द बोलत नाही हे त्याला फोनवरून कळत होतं. त्यानेच माहितीपुस्तिका पाठवली होती. त्यात मीनलला त्या सिनेमाचं नाव दिसलं. तिने पुस्तिका मिटून कपाटात ठेवली. दोन दिवसांनी काढली आणि नाव नोंदवलं. इतक्या वर्षांत तिने तो सिनेमा एकदाही पाहिला नव्हता.

“त्या काळात मोठ्या स्टुडिओंकडे काय होतं? रबरी राक्षस, बादल्या भरून रक्त,” फोग्ट सांगत होता. पस्तिशीचा, बोलताना हात फार हलवणारा तरुण. “आणि या तीन विद्यार्थ्यांकडे? उसना कॅमेरा. दिवे नव्हते म्हणून अंधार. भुताचा मेकअप जमेना म्हणून पाठ. त्या पाठीने हॉलिवूडला शिकवलं की दाखवू नका, थांबा. पुढे स्टुडिओंनी याच मुलांना बोलावून घेतलं. आज भुताखेतांशी संबंध नसलेल्या घरगुती सिनेमातसुद्धा कॅमेरा एखाद्या पाठीवर असा थांबतो, तो इथून आलाय.”

अकरा जणांनी ते लिहून घेतलं. मीनलने नाही.

सत्त्याण्णव साल. ओहायोतलं विद्यापीठाचं लहानसं गाव. नागेश पीएच.डी. करत होता आणि त्याची बायको म्हणून आलेल्या मीनलला काम करायची परवानगी नव्हती. घरात दोन खोल्या, खिडकीबाहेर बर्फ. फेब्रुवारीत मिरजेहून फोन आला, आई गेली. जायचं म्हटलं तर परतीचा व्हिसा मिळेल याची खात्री नव्हती, नागेशची परीक्षा तोंडावर होती.

“तू रडायला लागलीस ना, की मला काही सुचत नाही गं,” तो म्हणाला. वाईट नव्हता तो, घाबरला होता. म्हणून मीनल रडली नाही. पोळ्या केल्या, भांडी घासली. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी ती कपड्यांची टोपली घेऊन तळघरात उतरली, तर खालच्या मजल्यावरचा डग आणि त्याचे दोन मित्र तिथे कॅमेरा लावून बसलेले. ज्या मुलीला बोलावलं होतं ती आलीच नव्हती.

“काही करायचं नाही,” डग हात जोडल्यासारखं करत म्हणाला. “फक्त केस मोकळे सोडा आणि भिंतीकडे बघत उभ्या राहा. तुमचं तोंड कुणालाही दिसणार नाही.”

कुणालाही दिसणार नाही, हे ऐकल्यावर तिने टोपली खाली ठेवली.

भिंतीला ओल आली होती. मागे कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली आणि मीनलला रडू फुटलं. आवाज न करता, पदर नसल्यामुळे ओठ दातांत धरून, ती आठ मिनिटं रडली. मग चेहरा पुसून वळली.

“माझं नाव लिहू नका. काम केलं म्हणून आमचा व्हिसा जाईल,” तिने सांगितलं.

“मी कुणालाच सांगणार नाही,” डग म्हणाला. तो तेवीस वर्षांचा होता. तिने ते फारसं मनावर घेतलं नाही. पुढे नागेशला जर्मनीत नोकरी लागली. सिनेमा जगभर गाजल्याचं तिने पेपरात वाचलं. नागेशला मात्र हे कधीच सांगितलं नाही. सांगायचं तर रडल्याचंही सांगावं लागलं असतं.

मधल्या सुट्टीत तिने वेदांगला फोन लावला. त्याला मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र जर्मनच यायचं.

“ममा, दोनच मिनिटं आहेत. कसा आहे क्लास?”

“तो तळघराचा सिनेमा दाखवला रे. तू बघितलायस?”

“सगळ्यांनीच बघितलाय! आमच्याकडे कुणाला दचकवायचं असलं की अजूनही म्हणतात, ती भिंतीवाली बाई करू या.”

“वेदांग, ती बाई ना…”

“बाहुली होती ती, ममा. खांद्यांना गळाची दोरी बांधून हलवायचे. बरं, मी नंतर करतो हं फोन.”

सुट्टीनंतर फोग्टने तेच सांगितलं. “दिग्दर्शक या मार्चमध्ये वारला. शेवटच्या मुलाखतीतसुद्धा त्याला हाच प्रश्न विचारला होता. तो हसून म्हणाला, ‘बाहुली आणि गळाची दोरी. अठ्ठावीस वर्षं तेच सांगतोय, अजून किती वेळा सांगू?’”

दिग्दर्शक म्हणजे डग. व्हिसाचा धोका कधीच संपला होता. डगला नाव मिळालं होतं, पैसा मिळाला होता. मोठाल्या सभांमध्ये सांगायला याहून चांगला किस्सा त्याच्याकडे नसेल. तरी एका शेजारणीला दिलेला शब्द त्याने मरेपर्यंत पाळला. आणि तो गेल्याचं तिला आज, परक्यासारखं वर्गात बसून कळत होतं.

तिचा हात वर गेला.

“ती बाहुली नाहीये.”

“हो? कशावरून?” फोग्टने उत्सुकतेने विचारलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. नाव सांगायला आता कुणाची आडकाठी नव्हती. मीनलने पडद्याकडे बोट केलं.

“खांदे बघा. वर जायच्या आधी क्षणभर थांबतात. श्वास घेतल्याशिवाय तसं होत नाही.”

फोग्टने तो भाग पुन्हा लावला. मग आवाज बंद करून आणखी एकदा. या वेळी कुणी लिहून घेत नव्हतं. पहिल्या रांगेत फ्राउ ब्रेम, म्हणजे ब्रेमबाई, बसल्या होत्या. चाळीस वर्षं नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या, अठ्ठ्याहत्तरीच्या बाई. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

“ही तर रडतेय,” त्या हळूच म्हणाल्या.

ज्या पाठीला लोक इतकी वर्षं घाबरत आले होते, तिच्याकडे अकरा माणसं वेगळ्याच नजरेने बघत राहिली. मीनल वहीत मान घालून बसली.

एक वाजता ती बसस्टॉपवर आली. वारा गार होता. थोड्या वेळाने फ्राउ ब्रेम काठी टेकत आल्या आणि शेजारी बसल्या. दोघी समोरच्या सायकलींकडे बघत होत्या.

“कोण गेलं असेल हो तिचं?” फ्राउ ब्रेमनी विचारलं.

“आई,” मीनल म्हणाली. मग घाईघाईने, “मला वाटतं, आई असावी.”

फ्राउ ब्रेमनी मान हलवली. मीनलच्या मानेवरच्या आखूड, पिकलेल्या केसांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली.

“नाव काय होतं आईचं?”

बस वळणावर दिसली. मीनलने ते नाव कित्येक वर्षांत मोठ्याने उच्चारलं नव्हतं. घरात ते उच्चारायला कुणी उरलंही नव्हतं.

“यमुना,” ती म्हणाली.

“या-मू-ना,” फ्राउ ब्रेमनी प्रत्येक अक्षर जपून म्हटलं. “बरोबर म्हटलं का मी?”

“गेनाऊ,” मीनल म्हणाली. “अगदी बरोबर.”