गावच्या घरासाठी घेतलेला डिनर सेट

मी एक जुना डिनर सेट आहे. जुना फक्त वयाने. अंगावर म्हणाल तर एक ओरखडा सापडायचा नाही. मित्रांनो, त्याबद्दल माझं कौतुक करू नका. ज्या प्लेटवर ओरखडा नाही, तिच्यात कोणी जेवलेलं नाही, इतका सरळ मामला आहे. आणि ज्या शहाण्यांनी मला घेऊनही जेवायचं टाळलं, त्यांचीच ही कथा आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात, भट्टीच्या धगीत झाला. दुधासारखी पांढरी काच, काठाला सोनेरी रेघ, रेघेखाली निळ्या फुलांची वेल. मोठ्या प्लेटा, छोट्या प्लेटा, वाट्या, रश्शाचं झाकणाचं भांडं आणि बिर्याणीसाठी लांबट डिश, असा सगळा गोतावळा मिळून मी झालो. खोक्यात भरण्याआधी एका कामगार बाईने प्रत्येक प्लेट नखाने वाजवून पाहिली. खणखणीत आवाज आला. मला वाटलं, आता काय, रोज मेजवान्या! तेव्हा मला माणसं ठाऊक नव्हती.

जहाजातून मी सौदीतल्या जेद्दाला आलो आणि बलदच्या जुन्या बाजारात एका दुकानात दिव्याखाली बसलो. तिथे मला सिराजुद्दीन आणि सुरैयाने पाहिलं. सिराजुद्दीन रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. जेद्दात मोबाइलच्या दुकानात कामाला होता. सुरैया त्याची बायको, नुकतीच गावाहून आलेली आणि पोटुशी. तिने माझ्या सोनेरी काठावरून हळूच बोट फिरवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“गावचं घर झालं की पहिलं जेवण यात,” ती म्हणाली. “आपण सगळ्यांनी एकत्र बसून.”

“दोन वर्षांत होतंय घर,” सिराजुद्दीन म्हणाला.

मित्रांनो, ही दोन वर्षं नीट लक्षात ठेवा. आखातात येणारा प्रत्येक माणूस दोन वर्षांसाठीच येतो. मग त्याचे केस पिकतात, पोरांना मिसरूड फुटतं, तरी याची दोन वर्षं काही सरत नाहीत. विचारलं की पुन्हा तेच उत्तर.

अल अझीझिया वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मला थेट पलंगाखाली सरकवलं. तिथे आधीच एक मिक्सर, एक झुंबर आणि एक जाडजूड ब्लँकेट आपापल्या खोक्यांत पडून होतं. सगळी मंडळी गावच्या घरासाठी. नवरेमुलं तयार, मांडवाचा पत्ता नाही! आणि माझ्या शेजारी कोण, तर कांद्याची गोणी. सोनेरी काठाचा मी, आणि सोबत कांद्याची. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते उगीच नाही.

बरं, मला ठेवून ही माणसं जेवत कशात होती? तर मेलामाइनच्या प्लेटांत. एकीला गॅसवर ठेवून काळा डाग पडलेला, दुसरीवरचं बदक घासून घासून बिनडोक्याचं झालेलं. असल्या भिकार प्लेटांत सुरैया इतकं सुंदर कोलंबीचं कालवण वाढायची की पलंगाखाली माझा जीव जळायचा. पाहुणे आले तर कागदी प्लेटा. ईदला कागदी, वाढदिवसाला कागदी.

शेजारच्या मधुमतीबाईंकडे तरी काय वेगळं होतं? नवरा रत्नाकर मोठा इंजिनीअर, नाशिकला फ्लॅट घेऊन ठेवलेला. त्या फ्लॅटसाठी म्हणून त्यांनी नव्या सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक कधी काढलंच नाही. एसी बंद पडला की बसलेला माणूस त्याला चिकटायचा आणि उठताना चर्र आवाज यायचा. दोघी बायका त्या प्लास्टिकवर बसून एकमेकींना समजवायच्या, की इथे काय, आपण मुसाफिर. आणि वर पुन्हा, काटकसरीने संसार केला म्हणून एकमेकींची पाठ थोपटायच्या.

मेहेक जन्मली, तिच्या मागून हाशिर. पोरांना लिहायला टेबल हवं झालं. पण टेबल कशाला घ्यायचं, जायचंच तर आहे! म्हणून मला ओढून बाहेर काढलं, वर जुनी चादर टाकली आणि माझंच टेबल केलं. बिर्याणी मिरवायला जन्मलेल्या माझ्या डोक्यावर आता पाढे, खोडरबराचा भुगा आणि सांडलेलं दूध. मेहेकने खोक्यावर पेनाने आपलं नाव कोरलं. ती मोठी होत गेली तशी त्यावर मान घालून तासन्‌तास अभ्यास करायची. त्या मुलीच्या कोपरांची ऊब मला पुठ्ठ्यातून कळायची. त्या घरात मला आवडलेली तेवढी एकच गोष्ट.

तिथून मी पाहिलं, ही माणसं पोरं कशी वाढवतात. पहाटे शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला की घरात चेंगराचेंगरी. एक मोजा सापडायचा, दुसरा नाही. पोरं गेली की सुरैया दिवसभर चार भिंतींत, कारण एकटीने जायचं कुठे आणि कशाने? सिराजुद्दीन दुकानातून येईपर्यंत पोरं पेंगलेली असायची. मग हा झोपलेल्या पोरांच्या वह्या उघडून बघायचा आणि त्यालाच बाप होणं म्हणायचा. “मराठी बोला,” म्हणून पोरांवर डाफरायचा, तोही हिंदीतून! पोरं इंग्रजीत उत्तर द्यायची. गावाहून दादीचा फोन आला की दोघांना फोनपुढे ढकलायचं आणि मागून पढवायचं, सलाम कर, बरी आहेस का विचार. पोरं पोपटासारखी विचारायची आणि पळायची. दादी तिकडे रडायची, सुरैया इकडे.

शुक्रवारी मात्र समुद्रावर जायचं. चटई, चहाचा थर्मास आणि त्याच त्या डोकं गेलेल्या बदकाच्या प्लेटा. मला कोण नेतंय! पण पोरं परत आली की सांगायची. समोर एवढा दर्या पसरलेला असायचा, आणि बाप पोरांना गावच्या खाडीच्या गोष्टी सांगत बसायचा. घर कसं होतंय, गच्ची कुठे आहे, पहिल्या जेवणाला कोण कुठे बसणार. जे ताटात आहे ते खायचं नाही आणि जे चुलीवरही चढलेलं नाही त्याला मिटक्या मारायच्या. याला काय म्हणावं?

मग निताकात आलं, म्हणजे कंपन्यांनी ठरावीक सौदी माणसं कामावर ठेवायचा सरकारी नियम. कोणाकडे सौदी किती, यावरून कंपन्यांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग मिळाले आणि अझीझियातल्या घराघरांत त्या रंगांवर बोलणी सुरू झाली. सौदी पोरांना काम मिळायला हवं होतं. त्यांचा देश, त्यांचा हक्क. त्यात खोट काढायला मी बसलेलो नाही. मला तिरस्कार आला तो आमच्याच मंडळींचा. आम्ही काय, जाणारच आहोत, असं जन्मभर घोकणारे, जायची वेळ खरोखर आली तसे घाबरेघुबरे झाले. मधुमतीबाई आणि रत्नाकर पहिले गेले. जाताना सोफा विकला. घेणाऱ्याने जिन्यातच त्याचं प्लास्टिक फाडून टाकलं.

काही वर्षांनी नियम आला की मोबाइलच्या दुकानात आता फक्त सौदी माणूस बसेल. सिराजुद्दीनच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या मालकाने, त्याला चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि खलास म्हणून सांगितलं. माणूस वाईट नव्हता, पण सांगणं तेच होतं. बऱ्याच खटपटीनंतर जेद्दापासून लांब, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका गोदामात सिराजुद्दीनला काम मिळालं. राहायला सहा जणांत एक खोली. कुटुंब ठेवायची सोय नाही, आणि कुटुंबाच्या इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, आता दरमहा फी बसू लागली होती. मेहेकची दहावी होईपर्यंत कसंबसं रेटलं. मग ठरलं, की सुरैया आणि पोरं गावी जातील, सिराजुद्दीन एकटा राहील.

आणि नशिबाची थट्टा बघा. त्याच महिन्यात गावाहून निरोप आला की लाद्या बसल्या, रंग झाला, घर तयार आहे. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात पडले. सुट्टी कधी मिळेल, असं सुरैयाने विचारलं. सिराजुद्दीन म्हणाला, नवीन काम आहे, बघू. दोन वर्षांत काहीतरी होईल. या वेळी मी सोडून कोणी हसलं नाही.

जायचा दिवस शुक्रवार होता. विमान संध्याकाळचं. पलंग, फ्रिज, गॅस, सगळं विकून झालेलं. मिक्सर, झुंबर आणि ब्लँकेट आधीच कार्गोने गावी गेलेले. मेलामाइनच्या प्लेटा सुरैयाने आदल्याच दिवशी कचऱ्यात टाकल्या होत्या; चांगली खोड मोडली त्यांची. रिकाम्या खोलीच्या मधोमध आता मी एकटा होतो, आणि दुपारनंतर कार्गोवाला मला न्यायला येणार होता. जुम्म्याची नमाज पढून सिराजुद्दीन बुखारी राईस आणि कोंबडी घेऊन आला. जमिनीवर प्लास्टिकचा सुफरा पसरला. सगळे बसले आणि तेव्हा कुठे लक्षात आलं, की घरात खायला प्लेट नाही.

सुरैया म्हणाली, पुडीतच खाऊ. हाशिरने हातही घातला. मेहेक मात्र उठली, घराची किल्ली घेतली आणि माझ्या खोक्याची पट्टी फाडायला लागली.

“राहू दे ते,” सुरैया म्हणाली. “ते घरासाठी आहे.”

मेहेक थांबली नाही. जी मुलगी आईबापांना कायम इंग्रजीत उत्तर द्यायची, ती त्या दिवशी मराठीत बोलली. अडखळत, पण स्वच्छ.

“अम्मी, मी याच घरात मोठी झाले. आज आपण चौघं इथे आहोत. अजून कुठलं घर?”

मग सिराजुद्दीन उठला, बाह्या सारल्या आणि नळाखाली माझ्या प्लेटा स्वतः धुतल्या. इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला पाणी लागलं. वर गरम भात पडला, तूप ओघळलं, मिरचीची चटणी लागली. बुखारी राईस! तोही बाजारचा. सुरैयाच्या हातचं कालवण माझ्या नशिबी नव्हतं. पण चार हात माझ्यावर एकदम आले आणि मला आनंद झाला. सांगायला लाज कसली? मला रडू येईल इतका आनंद झाला. आणि त्याच क्षणी या माणसांची अशी चीड आली, की वाटलं आपणहून फुटून यांच्या मांडीवर पडावं. एवढंच तर करायचं होतं! खोकं उघडायचं आणि बसायचं. त्याला गच्ची लागत नव्हती की लाद्या लागत नव्हत्या.

हाशिरचा चमचा जोरात घासला आणि त्याच्या प्लेटवर एक बारीक रेघ उठली. पोराने घाबरून आईकडे पाहिलं. सुरैयाने त्याच्या पुढ्यात आणखी भात वाढला.

जेवण झाल्यावर सिराजुद्दीनने प्लेटा धुऊन-पुसून एकेक खोक्यात ठेवली. ती रेघेची प्लेट मात्र त्याच्या हातातच राहिली.

“ही एक असू दे माझ्याकडे,” तो म्हणाला.

“सेट मोडेल,” सुरैया म्हणाली.

“मोडू दे.”

तिने ती प्लेट त्याच्या टॉवेलात गुंडाळून त्याच्या बॅगेत ठेवली. मग बराच वेळ बॅगेची चेन लावत बसली. चेन बिघडलेली नव्हती.

आता मी गावी आहे. हॉलमध्ये काचेचं शोकेस, वर ते झुंबर, आणि शोकेसला कुलूप. पाहुणे येतात, वा वा करतात. खाली सुरैया आणि पोरं स्टीलच्या ताटांत जेवतात. कारण पहिलं जेवण अजून व्हायचं आहे. सिराजुद्दीन आला की चौघं बसणार आहेत म्हणे. खोड मेल्याशिवाय जात नाही! दर शुक्रवारी फोनवर तो दिसतो. पलंगावर मांडी घालून बसलेला, पुढ्यात ती प्लेट, तिच्यात स्वतः केलेली डाळ. तिची सोनेरी रेघ आता पार उडाली आहे. आम्ही इकडे झगमगत बसलो आहोत, आणि मला तिचा हेवा वाटतो.

परवा शेजारची सकिना आली. कौतुकाने एकेक प्लेट न्याहाळली आणि म्हणाली, एक कमी दिसते गो, फुटली वाटतं?

“फुटली नाही,” सुरैया म्हणाली. “ती वापरात आहे.”

असं माझ्याबद्दल कोणी कधी म्हटलेलं नाही. सकिना गेली तरी सुरैया माझ्यापुढे उभी राहिली. हात कुलपाला लावला, काढला, आणि भात लावायला निघून गेली.

मित्रांनो, मोठ्यांचा काही भरवसा नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी चांगल्या दिवसाची वाट बघत बंद पडलेलं असेल. घरात आज जेवायला जेवढी माणसं आहेत, तेवढ्या प्लेटा काढा. फुटलो तर फुटलो, त्यासाठीच जन्मलो आहोत. शोकेसची किल्ली आमच्याकडे चहाच्या डब्याच्या मागे असते. हाशिरला ठाऊक आहे.