अकरा वेळा तोच सूर

"पांय थांबय, शांतारामबाब! हाका वारें घालचें पडना!"

घराच्या मालकीणबाई दोना एर्मेलिंद खुर्चीत मागे रेलून हसत होत्या आणि आमचे हे पियानोच्या पायपट्ट्या दाबून दाबून घामाघूम झाले होते. तीस वर्षं जत्रेच्या नाटकांत पायपेटी वाजवलेला माणूस. पायाने भाता हाणल्याशिवाय सूर निघतो, हे डोक्याला पटलं तरी पायांना कुठलं पटायला?

मी दाराजवळ ट्रंक मांडीवर घेऊन बसले होते. ट्रंकेत सत्तावीस पुस्तकं. लोकांच्या नवऱ्यांना पत्त्यांचं व्यसन, माझ्या नवऱ्याला अर्मेनिया आणि जॉर्जियाचं.

सात वर्षांपूर्वी हे शिरगावच्या खाणीच्या कामाने पणजीला गेले होते. तिथे रशियन पुस्तकांची गाडी उभी होती. यंत्रांच्या जाड पुस्तकांखाली पियानोच्या नोटेशनचं एक पातळ पुस्तक दबलेलं त्यांना दिसलं. पाच रेघांवरचे सूर ह्यांना वाचता येत. तरुणपणी मयेच्या चर्चमधल्या मेस्तकडे, म्हणजे तिथल्या संगीत-मास्तरांकडे, हौसेने शिकले होते. रात्री पायपेटीवर चार ओळी वाजवल्या आणि मला चुलीपासून ओढत आणलं.

"वत्सला, आयकलंस? हो भैरव राग न्हय, पूण भैरवाच्याच वाड्यार रावता!"

झालं. मागच्या पानावर अर्मेनियातल्या येरेवानच्या छापखान्याचा पत्ता होता. ह्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. चार महिन्यांनी पार्सल आलं, सोबत यादी. मग जॉर्जियात, तिबलिसीला पत्र. प्रत्येक पार्सल आलं की हे जेवण टाकून उघडायला बसत, आणि खरं सांगायचं तर मीही. नामवंतांची पुस्तकं मात्र हे मागवत नसत. "तांचें सगळेच वाजयतात," म्हणायचे. ह्यांना हवे असत कुठल्याशा डोंगरातल्या गावी मुलांना शिकवून फावल्या वेळात लिहिणारे मास्तर, नाहीतर तिबलिसीची ती बाई, जिचं नाव आम्हाला दोघांना मिळूनही धड उच्चारता येत नव्हतं. खाणीवर टाइमकीपरच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावणाऱ्या माणसाला तीच माणसं आपली वाटणार, नाही का?

एकच तक्रार होती, छपाईची. ह्या पुस्तकांत एकच सूर पुन्हा पुन्हा छापलेला असे. आठ वेळा, कुठे अकरा वेळा. हे वैतागत. एकदा दाबला की भाता चालू असेपर्यंत सूर वाजतोच की! मग हे पेन्सिलीने दहा सूर खोडत आणि एकच लांब सूर लिहून ठेवत. एवढ्यावर थांबतील तर ते आमचे हे कसले? दर वर्षी येरेवानला आणि तिबलिसीला चुकांची यादी पाठवत, अगदी नम्रपणे. तिकडून त्यावर अवाक्षर नाही. पुस्तकं मात्र येत राहिली.

पियानो आमच्या ओळखीत कोणाकडेच नव्हता. म्हापशाला जाताना अस्नोड्याला बसमधून दोनांच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, एक दिसे. बस तिथे आली की ह्यांची मान वळलीच म्हणून समजा. "विचारा की," मी म्हणायची. "कशें विचारप? आमी देवळांतले पेटीवाले," हे म्हणत. पुढे राजभाषेचं भांडण पेटलं. आमच्या दारावर मराठीचा कागद, त्यांच्या दारावर कोंकणीचा. मग तर विषयच संपला.

गेल्या आठवड्यात कळलं की दोना मुलीकडे लिस्बनला चालल्या आहेत आणि पियानो एका हॉटेलाने घेतलाय. मी ह्यांना न सांगता उठले आणि जाऊन, सात वर्षांचं सगळं सांगून, विचारलं. लाज कसली त्यात? दोना म्हणाल्या, "शेनवारा सकाळीं हाड ताका. इकरांक लॉरी येतली." म्हणजे ह्यांना घेऊन जायचं आणि अकरापर्यंत वाजवून घ्यायचं.

तो शनिवार म्हणजे गोवा राज्य झालं तो दिवस. डिचोलीत फटाके, पताका. आम्ही ट्रंक घेऊन उलट्या दिशेच्या बसमध्ये.

पाय एकदाचे थांबले. ह्यांनी तिबलिसीच्या बाईचं पुस्तक लावलं, आपला खोडून लिहिलेला तो लांब सूर दाबला आणि वाट पाहत बसले. सूर टणत्कारला, बारीक होत गेला आणि संपला. बोट तसंच दाबलेलं.

"दोना! सूर मेलो!"

"मरतलोच. पियानोचो सूर मरता, बाबा. म्हणून परत मारचो पडटा."

ह्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहरा असा, की मला वाटलं आता रडतात. पण उठून ओरडलेच, "वत्सला, चूक न्हय गो ती! चूक न्हय!"

आणि त्यांनी खोडलेले सूर वाजवले. अकराच्या अकरा. एक विझायच्या आत दुसरा, प्रत्येक थोडा वेगळा, खालच्या हाताची चाल त्यातून वाट काढत निघालेली. इतकी वर्षं मी ती चाल भात रांधताना ऐकली होती, पण ती अशी असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. हे एकामागून एक पुस्तक लावत होते, चुकत होते, हसत होते, "हें पळय! हें पळय!" करत होते.

लॉरी आली. चार हमाल दारात येऊन उभे राहिले. हे हात काढू लागले, तर त्यांच्यातला म्होरक्या भैरू, बेळगावकडचा, डोक्याचं फडकं सोडून पायरीवर बसला. "चालू द्या की सायेब. आमास्नी काय घाई न्हाई."

आणखी पाऊण तास चाललं. सत्तावीसपैकी नऊ पुस्तकं झाली.

पियानो उतरवताना दोना दाराला धरून उभ्या होत्या. "सात वर्सां जनेलांतल्यान पळयलें? आनी विचारलें ना?" त्या म्हणाल्या. "म्हजो घोव मेल्या उपरांत ह्या घरांत कोणेंच वाजयलो ना रे."

हे पुस्तकं ट्रंकेत भरू लागले.

रविवारचा अख्खा दिवस हे ओसरीवर खोडरबर घेऊन बसले. सत्तावीस पुस्तकांतली पेन्सिल पुसून काढली. नऊ ऐकलेली आणि अठरा न ऐकलेली. संध्याकाळी येरेवानला आणि तिबलिसीला सारखंच पत्र लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. दोनच ओळी होत्या. मी कळवलेल्या सर्व चुका कृपया रद्द समजाव्यात. आपली छपाई बरोबर आहे, माझ्याकडे पियानो नव्हता.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून हे ती दोन्ही पत्रं टाकायला डिचोलीच्या पोस्टात गेले.