कुलासो सरळ वाजवत नाही

मला एकच गाणं हवं होतं, आणि ते सरळ हवं होतं. पण ज्याला ते येत होतं, तो माणूस काही सरळ वाजवायला तयार नव्हता.

ऊर्जानगरला आमच्या क्वार्टरच्या भिंतीपलीकडे एव्हरिस्ट कुलासो राहायचा. मुलगा वीज केंद्रात ऑपरेटर, म्हातारा त्याच्याकडे. तरुणपणी तो मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत गिटार वाजवायचा. हॉटेलांनी बँड ठेवणं बंद केलं तसा इकडे आला. दुपारी मागच्या अंगणात वाजवत बसायचा.

माझी बायको अंजना भिंतीच्या अलीकडे भांडी घासायची आणि रोवण्याचं गाणं म्हणायची. ती आरमोरीकडची. तिकडे धान रोवताना बाया आपापल्या नवऱ्यांवर गाणी रचतात. हे तिनं माझ्यावर रचलेलं. म्हातारा ते ऐकून पलीकडून वाजवायचा. मी तेव्हा ड्युटीवर असायचो; त्याच्या वाजवण्याचं मला तिनंच सांगितलं. "म्हातारा माह्या गाण्याच्या मांगं मांगं येते," म्हणायची आणि हसायची.

पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि ती गेली.

हिवाळ्यात एकदा सायकलवरून घरी येताना ते गाणं आठवायला गेलो, तर शब्द आले, चाल आली नाही. मी खाली उतरलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तरी आली नाही. घरात तिचा फोटो आहे, लुगडी आहेत. आवाज कुठेच नाही. मग मी टेपरेकॉर्डर मागून आणला, कोरी कॅसेट घेतली आणि म्हाताऱ्याकडे गेलो.

"अंजनाबायचा गाणा? येस, येस," म्हणाला आणि लागला वाजवायला.

मी फिटर आहे, हात ओळखतो. असा हात पाहिला नव्हता. बोटं हलली न हलली तोवर सूर येऊन गेलेला. एकाच गिटारीत खाली एक जण चालतोय आणि वर दुसरा त्याच्याशी बोलतोय, असं ऐकू येत होतं. पहिली ओळ तिचीच होती. माझ्या अंगावर काटा आला. मग म्हाताऱ्यानं रस्ता सोडला.

"कुलासो साहेब, कुठी चालले तुम्ही?"

"फिरायला."

"वापस या."

"येतो ना, मॅन."

आला, पण भलत्याच वाटेनं.

"जॅझ असाच असतो," तो म्हणाला. "गाणा घराच्या भायेर काढायचा, गावभर फिरवायचा, मग घरी आणायचा."

"माह्या बायकोचं गाणं गावभर काऊन फिरवता? घरीच राहू द्या ना."

पुन्हा वाजवा म्हटलं, तर वेगळं. दुसऱ्या दिवशी गेलो, तर आणखी वेगळं, आणि इतकं रडवं की कुलासोची सून आतून डोकावून गेली.

"कालच्यावानी वाजवा."

"कालचा काल गेला, मॅन."

वैताग नुसता! बरं, वाईट वाजवत असता तर उठून आलो असतो. पण तो असा वाजवायचा की उठवत नव्हतं. आणि सायकलवर माझ्या तोंडात त्याच्याच हरकती यायला लागल्या. उरलीसुरली चालही हा माणूस माझ्या डोक्यातून खरवडून काढत होता.

शेवटी मी आरमोरीहून अंजनाच्या धाकट्या बहिणीला, बायनाबाईला, साक्षीला आणलं. खरी चाल कोणती ते तिनं सांगावं. मी टेप सुरू केला. म्हाताऱ्यानं वाजवलं. बायनाबाई पदर तोंडाला लावून ऐकत राहिली.

"हात तं सोन्याचा आहे जी बाबाचा," ती म्हणाली. "पण हे मयतीचं काऊन वाजवून राह्यला? भाऊजी, तुमी याले बोल सांगतले का नाई?"

"नाई."

"बोल हाय?" कुलासो म्हणाला. "मला कोण बोलला नाय. बायची भाषा मला कुठे समजते? मला वाटला, कोणाची याद काढून गाते."

"सांगा ना भाऊजी."

"तू सांग."

"माह्यावर थोडीच रचलं तिनं!"

मी आयुष्यात गायलो नव्हतो. माझा आवाज म्हणजे बेअरिंग गेलेली मशीन. तरी म्हटलं:

"नाव याचं गुलाब वो, अंगावर काटे,
जवळ जाऊ कशी बाई..."

पुढे चाल सापडेना. कुलासोनं तोवर तारेला हात लावला नव्हता. मी अडलो तशी त्यानं एक तार छेडली. एकच. पाय ठेवायला दगड द्यावा तशी. मी तिच्यावर उतरलो:

"...लुगडं माहं फाटे."

'हेच ते गुलाब,' म्हणत बायनाबाईनं माझ्याकडे बोट केलं आणि खिदळत त्याला अर्थ सांगितला. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. "अरे मॅन! बाय तुला शिव्या देत होती आणि मी रडत होतो!"

मग त्यानं वाजवलं. सरळ नाहीच. पण आता गाणं खोडकर झालं. मी घरी असलो की अंजना 'लुगडं माहं' म्हणून थांबायची, माझ्याकडे पाहायची, आणि मग पुढचं म्हणायची. कुलासो नेमका तिथे थांबला. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

घरी येऊन टेप ऐकला. माझं भसाडं गाणं, बायनाबाईचं खिदळणं, त्याचा खोकला, आणि मग ती गिटार.

"पुसा हे," बायनाबाई म्हणाली. "तुमच्या आवाजानं कुत्रे भुकतीन. उद्या नीट भरून घ्या."

मी भिंतीवरून म्हाताऱ्याला विचारलं.

"भरू ना," तो म्हणाला. "पण वेगला येणार."

वेगळं येणार! आता काय बोलावं या माणसाला? मी पेचकस घेतला आणि कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही दात मोडून टाकले. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही.