लागले दोन्ही

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला एक लहानसा स्विच आहे. तुम्ही मला पाहिलेले नसणार. मला पाहायचे तर दार उघडून, गुडघे टेकून, मान वाकडी करून ब्रेकच्या पेडलच्या वरच्या काळोखात डोकवावे लागते, आणि एवढी खटपट कोण करतो? पण चालकाचा पाय पेडलवर पडला की गाडीच्या पाठीमागे दोन तांबडे दिवे लागतात ना, ते मी लावतो.

माझे काम सांगायला सोपे आहे. माझ्या पोटातून एक बारीक दट्ट्या बाहेर आलेला आहे. पेडल वर असते तेव्हा त्याच्या लोखंडी पट्टीच्या भोकात बसवलेले रबरी बूच हा दट्ट्या आत दाबून धरते आणि दिवे विझलेले राहतात. पेडल खाली गेले की बूच दूर होते, दट्ट्या सुटतो आणि मागे उजेड पडतो. एवढेच. पण तेवढ्या उजेडावर भरवसा ठेवून मागचा माणूस आपली गाडी वेळेवर थांबवतो.

कारखान्यात मला एका बाईने जोडले. तिने बोटाने माझा दट्ट्या दाबून सोडला, तशी तिच्या टेबलावरची चिमुकली बत्ती लागली. "हा चांगला निघाला," असे ती शेजारणीला म्हणाली आणि मला खोक्यात टाकले. मी लावलेला दिवा माझ्या वाट्याला पाहायला आला तो तेवढाच. पुढे आयुष्यभर मी दिवे लावले ते पाठीमागच्यांसाठी. ते कसे दिसतात, मला ठाऊक नाही.

आमचे मालक शिंपी. घराच्या खालच्या खोलीत त्यांची दोन मशीन, वर राहणे, आणि शिवलेले कपडे पोचवायला ही गाडी. ती घराकडे तोंड करून उभी असे. तिची पाठ कुंपणापलीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. तिथे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका एकट्याच राहत. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे. आमचे मालकसुद्धा त्यांच्यासमोर उभे राहिले की नकळत हात मागे घेत.

मालकीणबाईंचा एक नेम होता. रोज सकाळी गाडी निघायच्या आधी त्या ओले हात पुसत बाहेर येत आणि गाडीच्या मागे उभ्या राहत. मालक पेडल दाबत. मागून आवाज येई, "लागले दोन्ही." मग गाडी निघे. एकदा मात्र त्या म्हणाल्या, "उजवा लागला. डावा रुसलाय, अगदी तुमच्यासारखा." मालक हसत हसत उतरले आणि बल्ब बदलूनच गेले. अंगात ताप असला तरी त्या शाल पांघरून येत. गाडी चालवणाऱ्याला स्वतःचे मागचे दिवे दिसत नाहीत, मित्रांनो. मागे भिंत असती तर तिच्यावर पडलेला तांबडा उजेड आरशात तरी दिसला असता. आमच्या मागे नुसते बुटके कुंपण होते. तिथे कुणीतरी उभे राहायलाच हवे. "लागले दोन्ही" या शब्दांत माझे नाव कुठेच नव्हते, पण ती शाबासकी मी माझीच समजत असे.

मग मालकीणबाई अंथरुणाला खिळल्या, आणि त्या हिवाळ्यात गेल्या.

त्यानंतरही मालक रोज सकाळी गाडीत बसत, पेडल दाबत आणि थोडा वेळ तसेच थांबत. मी दिवे लावून वाट पाही. मग ते हळूच पाय उचलत आणि गाडी निघे. बाईंचे कुंपणाशी येऊन चार शब्द बोलणेही कमी होत होत पुढे बंद झाले. दिवसच्या दिवस आमच्या गाडीत कुणी बोलत नसे.

रबरालाही म्हातारपण येते. आमच्या बुचाला आधी बारीक तडे गेले, आणि एका दुपारी त्याचा भुगा होऊन तो खालच्या चटईवर पडला. पट्टीत उरले नुसते भोक, आणि माझा दट्ट्या त्यातून आरपार गेला. आता पेडल वर असो की खाली, मला दाबून धरणारे कुणी उरले नाही. दिवे लागले ते लागलेच. रस्त्यावर मागचे लोक हॉर्न वाजवत. मालकांना वाटे, आपण हळू चालवतो म्हणून लोक चिडतात. मी आत कासावीस होत असे. खरा ब्रेक लागला तरी मागच्याला काय कळणार? पण मला तोंड कुठे होते?

गाडी संध्याकाळी उभी राही आणि दिवे जळत राहत. सकाळपर्यंत बॅटरी पार उतरलेली असे. मेकॅनिक येई तेव्हा दिवेही मेलेले असत. त्याने नवी बॅटरी घातली, पण तो पुढच्या झाकणाखाली वाकलेला. मागे जाऊन पाहायचे त्याला काय कारण? पुन्हा तेच झाले तेव्हा तो म्हणाला की कुठली तरी जुनी वायर वीज खातेय, शोधत बसण्यात अर्थ नाही. परगावच्या मुलाने फोनवरून सांगितले, बाबा, काढून टाका ती गाडी. मालकांनी भंगारवाल्याला होय म्हटले. तो उद्या येणार, गाडी चालू स्थितीत द्यावी म्हणून त्यांनी बॅटरी पुन्हा चार्ज करून घेतली, गाडीतले कपडे टांगायचे आकडे एकेक करून काढले, आणि पेडलवर पाय ठेवून बराच वेळ बसून राहिले.

त्याच संध्याकाळी ते बाईंचा दुरुस्त केलेला कोट द्यायला पलीकडे गेले. थोड्याच वेळात दोघांची घाईची पावले गाडीपाशी आली.

"भावोजी, गाडीत कोण बसलंय ते सांगा आधी."

"कोण बसणार, बाई? रिकामी आहे."

"मग हे दिवे कसे लागलेत?"

मालक मागे गेले. मग बाईंनी सांगितले की कित्येक दिवस संध्याकाळ झाली की त्यांच्या खिडकीचा पडदा तांबडा होतो.

"मला वाटायचं, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून वहिनींच्या आठवणीत बसता. माणसाच्या दुःखात आपण कशाला डोकवा, म्हणून मी लांब राहिले."

"मी वर बटणांची काजं करत बसायचो, बाई," मालक म्हणाले. "कुणी आलं तर बरं म्हणून खालचं दार उघडंच ठेवायचो."

बाई म्हणाल्या, "बरं, आता बसा आत. मी उभी राहते मागे."

मालकांनी पेडल दाबले, सोडले, पुन्हा दाबले. बाईंचे उत्तर एकच, लागलेलेच आहेत. तेव्हा मालक टॉर्च घेऊन पेडलखाली आडवे झाले. चटईवरचा रबराचा भुगा त्यांच्या बोटांना लागला. मग पट्टीतले भोक दिसले. त्यांनी माझ्या दट्ट्यावर बोट टेकवून तो दाबला.

"विझले," बाई म्हणाल्या.

कारखान्यातल्या त्या बाईनंतर माझ्या दट्ट्याला माणसाचे बोट लागले ते आत्ता.

भोक पाहून शिंप्याला दुसरे काय सुचणार? जाड कोटाचे बटण कापड फाडून सुटू नये म्हणून मागच्या बाजूला एक छोटे बटण आधाराला लावतात. तसेच मालकांनी पट्टीच्या एका अंगाला मोठे काळे बटण धरले, दुसऱ्या अंगाला छोटे, आणि मेण लावलेला दोरा भोकातून नेऊन दोन्ही घट्ट शिवून टाकली. उताणे पडून शिवताना त्यांना खोकला येत होता. बाई उजेड धरून बजावत होत्या की टाके उसवले तर कोटासारखी गाडीही परत आणून उभी करीन.

पेडल वर आले. बटण माझ्यावर टेकले. मला किती हायसे वाटले, काय सांगू.

"विझले," बाई मागून म्हणाल्या. मालकांनी पाय दाबला. "लागले दोन्ही."

मालकांचा पाय पेडलवरून लवकर उठला नाही.

भंगारवाला आला तसा परत गेला. मेकॅनिक बटणे पाहून खूप हसला आणि त्याने नवे बूच आणून बसवले. बटणे पुन्हा डब्यात गेली. आता सकाळी मालक पेडल दाबून थांबतात, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून हजेरी घेतल्यासारखा आवाज येतो. तो आवाज मालकीणबाईंचा नाही. मालकांना ते ठाऊक आहे, मलाही आहे. पण तो येईपर्यंत आम्ही दोघेही थांबतो.

मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या घरची गाडी सकाळी निघेल तेव्हा चार पावले मागे जाऊन उभे राहा. आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा, आणि दिवे लागले तर तसे मोठ्याने सांगा. आत बसलेल्याला ते दिसत नाहीत. मलाही दिसत नाहीत.