डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह

अण्णांनी स्वतःच्या हाताने बांधलेला ॲम्प्लिफायर आई रोज संध्याकाळी न चुकता लावायची. गाण्यासाठी नव्हे. तो तापायला लागला की डाव्या स्पीकरमधून तीनदा बारीक किणकिण यायची, आणि अण्णांना जाऊन वर्ष उलटलं तरी आई तेवढ्यासाठी त्यांच्या खुर्चीत येऊन बसायची. अण्णा होते तेव्हा ते खोलीत शिरले की लाकडी जमीन हलायची. दारापासून खुर्चीपर्यंत तीन पावलं, आणि ॲम्प्लिफायरमधला डाव्या बाजूचा पहिला व्हॉल्व्ह, बल्बसारखी ती काचेची नळी, पावलागणिक स्पीकरमधून वाजायचा.

त्यांच्या धाकट्या मुलीला त्यात काही गूढ वाटत नव्हतं. ती प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करायची. व्हॉल्व्हच्या आतले भाग सैल झाले की तो जराशा धक्क्याने वाजतो. तापताना काच आणि धातू कमी-जास्त फुगतात, तेव्हाही वाजणारच. म्हणून आई मावशीकडे गेली असताना तिने सगळं उघडून साफ केलं आणि त्या जागी नवाकोरा व्हॉल्व्ह बसवला. नंबर तोच, पिना नऊच्या नऊ जुळल्या, आवाज स्वच्छ.

आई परतली, बटण दाबून बसली. तासाभराने म्हणाली, "आज आले नाहीत." दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिने बटणाला हात लावला नाही, आणि जेवणाच्या ताटालाही. तेव्हा धाकटीने कबूल केलं, आणि वर समजावलंही, की दोन्ही एकसारखेच, एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत चालतो.

"काकांच्या आणि ह्यांच्या शर्टाचं माप एकच होतं," आई म्हणाली. "म्हणून काकांना आणून बसवायचं का या खुर्चीत?"

जुना व्हॉल्व्ह फेकला नव्हता. अण्णा त्या जातीचे व्हॉल्व्ह ज्या डब्यात ठेवत, त्यात टाकला होता. पण त्याच दिवशी धाकटीने डब्यातले अकराच्या अकरा ओल्या फडक्याने चकचकीत पुसले होते, आणि काचेवरची जुनी छपाई फडक्याबरोबर गेली होती. आता कुठला कोण, कळायला मार्ग नव्हता.

दुपारी दोघी बसल्या. एक बसवायचा, मिनिटभर तापू द्यायचा, पेन्सिलीने हलकी टिचकी मारायची, काढायचा. एक खरखरला, एक नुसताच गुणगुणला, तीन मेलेले निघाले. दर वेळी आई नाही म्हणून मान हलवायची. अकराव्याला धाकटीला बटण बंद करायचंही भान राहिलं नाही. रुमालात धरून तिने तो गरम व्हॉल्व्ह उपटला.

"नाही गं सापडत," ती म्हणाली. "माझ्या हातून गेले ते."

किण. किण. किण.

डाव्या स्पीकरमधून. धाकटीने खाली पाहिलं. नऊ भोकांचा सॉकेट रिकामा होता. टेबलावर अकरा जुने, एक नवा. तिने दोनदा मोजले. ॲम्प्लिफायरमधल्या बाकीच्या व्हॉल्व्हवर एकेक टिचकी मारून पाहिली. एकही वाजला नाही. जमिनीवर कुणी हललंसुद्धा नव्हतं.

आई खुर्चीतून उठली आणि शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली.

"उशीर केलात," ती म्हणाली. धाकटीकडे न बघता.

त्या सॉकेटमध्ये धाकटीने पुन्हा काही बसवलं नाही. गाणं लावलंच, तर ते आता फक्त उजवीकडून येतं. संध्याकाळी ती आधी डब्यातले व्हॉल्व्ह मोजते, मग आईजवळ बसते. खुर्चीत दोघींपैकी कुणीच बसत नाही.